कोरड्या बंबात विस्तव

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे डॅलसजवळच्या आमच्या घराची वीज गेली आणि अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये एक्स्टेन्शन कॉर्डवर चालणारा लहानसा हीटर बंद पडला. त्या हीटरच्या भरवशावर मी गालिचे धुण्याच्या यंत्रातले पाणी न काढता निर्धास्त झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी डॅलस-फोर्ट वर्थच्या विमानतळावर उणे २ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे १९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. वीज अधूनमधून तासाभरासाठी येई आणि पुन्हा जाई; त्या तासाभरात घरातल्या माणसांना ऊब द्यायची की व्हॅनला, या प्रश्नाचे उत्तर उघड होते. बाहेर जाऊन हीटर चालू आहे की नाही हे पाहण्याचेही मला सुचले नाही. तोवर यंत्रातल्या तांब्याच्या नळ्यांमध्ये राहिलेल्या पाण्याचा बर्फ होऊन गेला होता. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि बंद नळीत त्याला फुगायला जागा नसते, हे शाळेत शिकलेले वाक्य मला त्यानंतर दोन महिने पुरले.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी यंत्राविषयी थोडे सांगायला हवे. इथल्या घरांमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा असतो. तो उचलून झटकता येत नाही, उन्हात घालता येत नाही. म्हणून तो जागेवरच धुवावा लागतो. व्हॅनमध्ये बसवलेल्या यंत्राला इथे ट्रकमाउंट म्हणतात. त्यात एक पेट्रोल इंजिन असते. ते ओढणारी हवा निर्माण करणारा ब्लोअर फिरवते आणि पाण्याला दाब देणारा पंपही फिरवते. लांब होजमधून गरम पाणी घरात जाते, वाँड नावाच्या नळकांड्यातून गालिच्यावर फवारले जाते आणि त्याच क्षणी मळासकट ओढून व्हॅनमधल्या सांडपाण्याच्या टाकीत आणले जाते. पंपाचा दाब माझ्या यंत्रात ४०० पीएसआयच्या, म्हणजे दर चौरस इंचावर ४०० पौंडांच्या, आसपास असतो.

पाणी तापवण्यासाठी मात्र यात वेगळी शेगडी नसते. इंजिनच्या धुराची आणि ब्लोअरमधून बाहेर पडणाऱ्या गरम हवेची जी उष्णता एरवी वाऱ्यावर जाते, तीच पाण्याला दिली जाते. हिशेब करून पाहिला तर याचे मोल कळते. मिनिटाला चार लिटर पाणी २० अंशांवरून ९५ अंशांवर न्यायचे, तर सुमारे २१ किलोवॉट उष्णता लागते. म्हणजे दोन किलोवॉटचे दहा गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे झाले. घरातल्या प्लगवर हे होण्यासारखे नाही. पण पेट्रोल इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच कामाला लावते, आणखी एक तृतीयांश इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये जातो आणि उरलेला धुरातून निघून जातो. पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनच्या धुरात जवळजवळ आपल्याला हवी तेवढी उष्णता फुकट पडलेली असते. ती पकडणारी पेटी म्हणजे हीट एक्स्चेंजर. बाहेरून स्टेनलेस स्टीलचे कवच, आत बारीक पट्ट्या म्हणजे फिन बसवलेल्या तांब्याच्या बारा सरळ नळ्या, आणि त्यांची टोके एकमेकींना जोडणारे यू आकाराचे बाक. नळ्यांच्या आतून पाणी, बाहेरून धूर.

ज्यांनी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना यापुढे काही समजावून सांगावे लागणार नाही. बंबात मधल्या नळकांड्यात विस्तव असतो आणि भोवती पाणी. इथे पाणी आत आणि विस्तवाचा धूर भोवती, एवढाच फरक. साताऱ्याच्या आमच्या घरी बंब होता आणि त्याबाबत आईचा एकच नियम होता: आधी पाणी, मग विस्तव. कुणी घाईत करवंट्या पेटवून दिल्या आणि बंब भरायचा राहिला, तर नळकांड्याच्या तळाशी दिलेला डाख वितळे, आणि बंब डोक्यावर घेऊन तांबटाकडे जावे लागे. तो नियम मला पाठ होता. तरीही मी तो मोडला, तो असा.

थंडी ओसरली तेव्हा आमच्या भागातल्या असंख्य घरांमधले पाण्याचे पाइप फुटलेले होते. बर्फ असतानाच पाइपला चीर जाते, पण पाणी वाहते ते बर्फ वितळल्यावर. त्यामुळे ऊन पडले तसतशी घरे पाण्याने भरू लागली. भिजलेल्या गालिच्यांमधले पाणी ओढून काढण्यासाठी आमचा फोन दिवसभर वाजत होता. पाणी ओढायला फक्त ब्लोअर लागतो, गरम पाणी लागत नाही. मी पंपाचा क्लच बंद केला, पाण्याचा पुरवठा तोडला आणि तीन दिवस, रोज आठ-नऊ तास, इंजिन चालवले. हीट एक्स्चेंजरमध्ये त्या काळात पाण्याचा थेंबही नव्हता. काही यंत्रांमध्ये असा धूर बाजूने वळवून बाहेर सोडण्याची झडप असते. माझ्या यंत्रात ती नाही. कित्येक शे अंशांचा धूर तीन दिवस रिकाम्या तांब्यावरून वाहत राहिला आणि मी आपला लोकांची घरे वाचवण्याच्या समाधानात होतो.

चौथ्या दिवशी पहिले धुण्याचे काम आले. पंप जोडला, पाणी सोडले आणि दहा मिनिटांत धुराच्या नळीतून पांढरी दाट वाफ येऊ लागली. थंड सकाळी सायलेन्सरमधून थोडे पाणी ठिबकणे हे काही विशेष नाही. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणीच तयार होते आणि नळी थंड असेपर्यंत त्याचे दव पडते. पण ते दव इंजिन तापले की थांबते. माझे थांबत नव्हते. दुसरी खूण याहून नेमकी होती. यंत्रात पाण्याची एक पेटी असते, तिच्यात आपल्या शौचालयाच्या टाकीसारखा तरंगता बॉल असतो. पाणी कमी झाले की तोटी उघडते. मी वाँडचा ट्रिगर सोडून उभा होतो, म्हणजे पाण्याचा वापर शून्य, तरीही दर मिनिट-दीड मिनिटाने ती तोटी उघडून पेटी भरल्याचा आवाज येत होता. पाणी कुठेतरी जात होते.

यात गंमत अशी की दाबाचा काटा ४०० वर स्थिर होता. नवशिका माणूस इथे हमखास फसतो. पंप गरजेपेक्षा जास्त पाणी देतो आणि उरलेले पाणी रेग्युलेटर पुन्हा पेटीकडे वळवतो; लहान गळती झाली तर रेग्युलेटर तेवढे कमी पाणी वळवतो आणि काटा हलतच नाही. म्हणून गळतीचा संशय आला की काट्याकडे न पाहता पेटीकडे पाहावे.

मी ते काम तिथेच थांबवले. घरमालकिणीची माफी मागितली आणि इंजिन बंद करण्यापूर्वी पाणी तोडून, वाँड दाबून, लाइनमधला सगळा दाब सोडून दिला. हा क्रम महत्त्वाचा आहे. दाब तसाच ठेवून इंजिन बंद केले तर पाणी चिरेतून धुराच्या नळीत झिरपत राहते, तिथून उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते, आणि पुढच्या वेळी किल्ली फिरवली की दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो. पाणी दबत नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. घरी आल्यावर मी आधी स्पार्क प्लग काढून पाहिले. कोरडे होते. मग चहा घेतला.

गळती नेमकी कुठे आहे हे ठरवण्यासाठी मी एक साधी युक्ती केली. यंत्रात दोन हीट एक्स्चेंजर आहेत, एक ब्लोअरच्या हवेवरचा आणि एक इंजिनच्या धुरावरचा. आधी एकाला बाजूला ठेवून त्याच्या दोन्ही होज एकमेकींना जोडल्या, इंजिन पाच मिनिटे चालवून पेटीचा आवाज ऐकला, मग दुसऱ्याला. धुरावरचा बाजूला ठेवल्याबरोबर पेटी गप्प झाली.

पत्नी फोन सांभाळत होती. ती गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, “अहो, प्लेनोच्या त्या बाईंचा तिसरा फोन आला. त्यांना काय सांगू?”

“आठवडा सांग,” मी म्हणालो. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि फोनवर त्यांना दोन आठवडे सांगितले.

नवा कोअर, म्हणजे एक्स्चेंजरमधला तांब्याच्या नळ्यांचा संच, मागवावा की आहे तो दुरुस्त करावा, हा पहिला प्रश्न होता. नव्याची किंमत दोन हजार डॉलरच्या घरात सांगितली गेली, आणि त्या महिन्यात सगळ्या टेक्ससचे कोअर एकदमच फुटलेले असल्यामुळे तो कधी मिळेल हे सांगायला कुणी तयार नव्हते. मी साताऱ्याच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचे काम शिकलेला. तांब्याच्या नळ्या जोडण्यात माझी उमेदवारीची चार वर्षे गेलेली आहेत. तेव्हा दुरुस्तच करायचा असे ठरवले. ओळखीतल्या दोघांनी चिरेवर एपॉक्सी चोपडण्याचा सल्ला दिला आणि एकाने पाण्यात गळती बुजवणारी पावडर घालण्याचा. धुराच्या तापमानापुढे एपॉक्सीचा कोळसा होतो, आणि पावडर चिरेआधी वाँडच्या बारीक जेटमध्ये जाऊन बसते. नेहमीचा कथलाचा डाखही इथे चालत नाही, कारण तो दोनशे-अडीचशे अंशांना वितळतो आणि पाणी थांबले की धूर त्याला सहज तिथवर नेतो. आमच्या बंबाच्या डाखाचे जे होई तेच.

कोअर बाहेर काढणे हे सगळ्यात कंटाळवाणे काम निघाले. धुराच्या फ्लॅंजचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या कड्याचे, सहा बोल्ट गंजून एकजीव झाले होते. आदल्या रात्री तेल मारून ठेवले, सकाळी टॉर्चने नट लाल केले, तेव्हा चार सुटले, एक पिळून तुटला आणि एक ग्राइंडरने कापावा लागला. कवच उघडले तेव्हा आत काजळी होती ती अपेक्षितच होती. पण हात घातलाच आहे तर ब्लोअरवरचा एक्स्चेंजरही उघडून पाहावा म्हणून तो उघडला, आणि त्याच्या फिनांमध्ये राखाडी रंगाचे नमद्यासारखे जाड थर बसलेले दिसले. बोटाने उचलला तर तुकडा अखंड निघाला. गाळणीच्या पिशव्यांमधून निसटलेले गालिच्यांचे तंतू, कुत्र्या-मांजरांचे केस, माणसांचे केस, असे सात वर्षांतल्या शेकडो घरांचे ते विणकाम होते. पाणी पूर्वीसारखे गरम होत नाही अशी माझी वर्षभराची कुरकुर होती, तिचे कारण विनासायास हाती आले.

धुरावरच्या कोअरमध्ये चीर शोधावी लागली नाही. खालच्या ओळीतल्या शेवटच्या नळीला साधारण दीड इंच लांबीची फट होती, मधोमध फुगलेली, कडा बाहेर उलटलेल्या, श्वास घेण्यासाठी तोंड उघडलेल्या माशासारखी. बर्फाने फुटलेली नळी अशीच दिसते: नळीच्या लांबीच्या दिशेने फाटते, आणि फाटण्याआधी फुगते. म्हणूनच तिच्यावर नुसता झाळ भरून चालत नाही. चिरेच्या दोन्ही बाजूंचे तांबे ताणून पातळ झालेले असते, आणि आज भरलेली फट उद्या तिच्या शेजारी उघडते. फुगलेला सगळा भाग मी कापून काढला. नळीचा व्यास जिथे पुन्हा मूळ मापाचा लागला तिथपर्यंत मागे गेलो, नवा तुकडा घेतला आणि दोन कपलिंग घालून जोडला.

मग मी ती चूक केली जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. कोअरच्या दोन्ही टोकांना बुच लावले, कॉम्प्रेसरने ४० पीएसआय हवा भरली आणि तो न्हाणीघराच्या टबमध्ये पाण्याखाली दाबून धरला. एकही बुडबुडा आला नाही. काटा पंधरा मिनिटे जागचा हलला नाही. मी खूश होऊन सगळे परत जोडले, नव्या गॅस्केट घातल्या, आणि दुरुस्तीच्या पाचव्या दिवशी प्लेनोच्या त्या बाईंच्या घरी हजर झालो. दोन खोल्या उत्तम धुतल्या गेल्या. तिसऱ्या खोलीत असताना बाहेरून पेटी भरण्याचा तो ओळखीचा आवाज आला.

त्या रात्री आईशी नेहमीप्रमाणे फोन झाला. मी तिला सहसा धंद्यातल्या अडचणी सांगत नाही, पण त्या दिवशी सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पाणी नसताना किती दिवस पेटवलास?”

“तीन दिवस.”

“अरे, मग एकाच जागी कसा गळेल तो?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कोअर पुन्हा बाहेर काढला आणि या वेळी चीर पाहण्याऐवजी सगळा कोअर पाहिला. धूर ज्या बाजूने आत येतो त्या बाजूच्या पहिल्या ओळीचे बाक इतर बाकांसारखे तपकिरी नव्हते. ते काळेभोर होते आणि नखाने खरवडले की काळी पापडी सुटत होती. कोरड्या आचेवर तांबे भाजले की त्याच्यावर असा काळा थर चढतो. तो थर म्हणजे गमावलेले तांबेच असते, आणि खाली उरते ते पातळ आणि मऊ झालेले असते. बर्फाची जखम आणि आगीची जखम अशी वेगवेगळी ओळखता येते: एक फुगून फाटते, दुसरी झडून झिजते. माझ्या कोअरवर दोन्ही होत्या आणि मी ठळक दिसणारी दुरुस्त करून मोकळा झालो होतो.

पण मग टबमधली चाचणी खोटी कशी ठरली? याचे उत्तर माझ्या एका शेजाऱ्यांनी दिले. ते मूळचे नाशिकचे, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि इथे घरांच्या एअर कंडिशनिंगची कामे करतात. त्यांनी नळीच्या कापलेल्या तुकड्यात बोट घालून पाहिले आणि बोटाला लागलेली पांढरी भुकटी माझ्यापुढे धरली. “हा चुना आधी काढ,” ते म्हणाले. “भोक यानेच बुजवलंय. चाळीसला हा धरतो, चारशेला सोडतो. आणि हवेने नको तपासूस, पाण्याने तपास.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट गरम नळीच्या आतल्या अंगाला थर धरतो. त्या थराने उष्णता अडते, धातू अधिक तापतो, आणि सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर त्यावर बसून तो थरच काही काळ बुचाचे काम करतो. कमी दाबाची चाचणी त्यामुळे फसवते. हवेने जास्त दाबाची चाचणी घ्यावी तर ती धोक्याची असते. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, जोड सुटला तर तुकडे उडतात. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे जोड सुटला तर एक चिळकांडी उडते आणि दाब लगेच शून्यावर येतो.

मी बादलीत कोमट पाण्यात सायट्रिक आम्लाचे साधारण दहा टक्क्यांचे द्रावण केले आणि एका छोट्या पंपाने ते कोअरमधून तासभर फिरवले. पहिली वीस मिनिटे बादलीत सोड्याच्या बाटलीसारखा फेस येत होता, मग फेस थांबला आणि पाणी निळसर हिरवे दिसू लागले, म्हणजे आम्ल आता चुना सोडून तांबे खाऊ लागले होते. इथेच थांबायचे असते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून धुतले, मग साध्या पाण्याने. हायड्रोक्लोरिक आम्लाने हे काम निम्म्या वेळात होते हे मला माहीत आहे, पण स्टेनलेसच्या कवचाला ते खड्डे पाडते, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

शेजाऱ्यांकडून प्लंबर लोक वापरतात तो हाताचा दाबपंप आणला. कोअर पाण्याने पूर्ण भरला, एका टोकाची हवा निघून गेल्याची खात्री केली आणि दांडा मारत दाब ६०० पीएसआयवर, म्हणजे कामाच्या दाबाच्या दीडपटीवर नेला. काटा एक मिनिट टिकला. मग पाचशे ऐंशी, पाचशे चाळीस. काळ्या पडलेल्या दुसऱ्या बाकाच्या बाहेरच्या वळणावर, जिथे नळी वाकवताना मुळातच सगळ्यात पातळ झालेली असते तिथे, केसाएवढी बारीक धार उभी राहिली. उन्हात धरले तेव्हाच ती दिसली. तिसऱ्या बाकाच्या जोडापाशी नुसता ओलावा होता. एकूण दोन जागा. त्या ओळीतले सहाच्या सहा बाक काढून नवे घालायचे असे मी ठरवले. गळणारे दोन बदलून भाजलेले चार ठेवणे म्हणजे पुन्हा दोन महिन्यांनी याच बोल्टांशी झुंजणे होते.

असे तयार बाक एअर कंडिशनिंगच्या दुकानात मिळतात. झाळायच्या कांडीबद्दल मात्र थोडा विचार करावा लागला. तांब्याला तांबे जोडायला आम्ही रेफ्रिजरेशनवाले फॉस्फरस असलेली कांडी वापरतो. तिला फ्लक्स, म्हणजे तापताना धातू स्वच्छ ठेवणारा लेप, लागत नाही आणि ती स्वस्त असते. पण गंधकाचा अंश असलेल्या गरम वायूत तो जोड कालांतराने खराब होतो, आणि हीच कांडी स्टीलला लावली तर जोड ठिसूळ होतो. माझ्या कोअरमध्ये धूर होता आणि पाणी आत घेणारा निपल स्टीलचा होता. म्हणून ४५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली कांडी आणि फ्लक्स घेतला. कांडीची किंमत ऐकून पत्नीने विचारले की एवढ्यात एक अंगठी आली नसती का. आली असती.

या कामातली खरी अडचण अशी की बाक एकमेकांपासून जेमतेम इंचभर अंतरावर असतात. एक जोड झाळताना शेजारचा जुना जोड वितळला तर तो हलतो, आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून शेजारच्या जोडांना ओल्या फडक्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि दर दोन मिनिटांनी त्यांच्यावर पाणी टाकत राहिलो. नळीची टोके एमरीने घासून गुलाबी केली. बाक नळीवर इतका घट्ट बसला पाहिजे की मधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच राहावी, म्हणजे वितळलेली चांदी केशाकर्षणाने आपोआप आत ओढली जाते. कोअरची दोन्ही टोके उघडी आहेत ना, हे मी दोनदा पाहिले. आत पाणी राहून टोके बंद असली तर टॉर्चखाली त्याचा बॉम्ब होतो.

ज्योत आधी नळीवर फिरवायची, मग बाकावर, कांडीवर कधीच नाही. फ्लक्स हा आपला थर्मामीटर असतो. आधी तो उकळून पांढरा फसफसतो, मग पांढरी पूड होऊन बसतो, आणि सहाशे अंशांच्या जवळ आला की एकदम वितळून काचेसारखा पारदर्शक होतो. त्याच्याखालचे तांबे ओल्यासारखे चमकू लागते. त्यानंतर क्षणभर थांबून कांडीचे टोक जोडाच्या कडेला टेकवले की चांदी एका झटक्यात जोडाभोवती फिरून येते आणि कडेला एक बारीक उजळ रेघ उमटते. ती रेघ सगळीकडून पूर्ण दिसली की ज्योत काढायची. आणखी थोडे म्हणून थांबलात तर चांदी वाहून खाली थेंब होऊन लटकते. बारा जोडांपैकी अकरा असे झाले. बारावा, कोपऱ्यातला, जिथे टॉर्च सरळ जात नव्हता, तो मला तीनदा करावा लागला, आणि तो आजही पाहायला सुंदर नाही. उरलेला फ्लक्स गरम पाण्याने आणि ब्रशने घासून काढला; राहिला तर तोच पुढे तांबे खातो.

पुन्हा ६०० पीएसआय. शेजारी स्टूल घेऊन बसले, मी उभा राहिलो. अर्धा तास काटा हलला नाही. मग मी टोके सोडून कोअरवर हीट गनने गरम हवा सोडली, नळ्या हाताला चटका बसेल इतक्या तापल्या, पुन्हा पाणी भरून पुन्हा दाब दिला. तापून फुगल्यावर उघडणारी आणि थंड झाल्यावर मिटणारी चीर असते, तिची शंका मनात राहू नये म्हणून. काटा जागेवरच राहिला.

जोडणीत सांगण्यासारखे फारसे काही नाही. नव्या गॅस्केट, स्टेनलेसचे नवे बोल्ट, आणि या वेळी त्यांच्या आट्यांना गंज धरू न देणारे ग्रीस. ब्लोअरच्या एक्स्चेंजरमधला नमदा वाफेने धुऊन काढला होता. पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी मी पाणी सोडले, वाँडमधून हवेचे फुसकारे थांबून सलग धार येईपर्यंत थांबलो, आणि मगच किल्ली फिरवली. धुराच्या नळीतून दोन मिनिटे दव पडले, मग नळी कोरडी झाली. ट्रिगर सोडून मी पेटीजवळ कान देऊन दहा मिनिटे उभा राहिलो. पत्नी खिडकीतून पाहत होती. तिला वाटले यंत्र पुन्हा बिघडले.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पाणी ओढण्याचे कोरडे काम आले तरी आता मी पंप चालू ठेवतो आणि वाँडमधून नव्हे, तर एका तोटीतून थोडे पाणी सतत सांडपाण्याच्या टाकीत सोडत राहतो. टाकी लवकर भरते, ती जास्त वेळा रिकामी करावी लागते, पण तांबे ओले राहते. आणि गोठण्याचा इशारा आला की हीटरवर विसंबत नाही. सगळ्या लाइनमधून ग्लायकॉलचे गोठणरोधक मिश्रण फिरवतो, वाँडमधून त्याचा रंग दिसेपर्यंत. ते प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, एथिलीन नव्हे, कारण कितीही काढले तरी त्याचा अंश पुढच्या घरात फवारला जाणार आणि त्या घरात रांगणारी मुले आणि मांजरे असणार.

डिसेंबर २०२२ मध्ये नाताळाच्या दोन दिवस आधी पारा पुन्हा उणे दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेला. व्हॅन अंगणातच होती. नाताळानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी मी डब्यात वाँड धरून मिश्रण परत गोळा केले. आधी गडद गुलाबी, मग फिकट, मग स्वच्छ पाणी. पेटी एकदा भरली आणि गप्प झाली. फक्त फ्लॅंजवरचा जो बोल्ट पिळून तुटला होता, त्याच्या जागी घातलेल्या नव्या स्टडपाशी धुराची एक काळी रेघ उमटू लागली आहे. तिथली गॅस्केट या उन्हाळ्यात बदलायची आहे.